कोंबड्यांना रात्री दांडीवर बसायला शिकवताना

गिरिराज जातीच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घरी आणल्या त्या रात्री मी खुराडं धुऊन-पुसून तयार ठेवलं होतं. आत तूस पसरलं, पाणी ठेवलं, बसायला बांबूची दांडी लावली, दाराची कडी दोनदा तपासली आणि निर्धास्त झोपले. सकाळी दार उघडलं तर सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. सगळ्यात खालची गुदमरून गेली होती. दांडीकडे एकीनंही पाहिलेलं दिसत नव्हतं. आणि कुंपणापलीकडे, शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबड्या आंब्याच्या फांदीवरून एकेक करत आरामात खाली उतरत होत्या.

आमचं घर ठाण्यात ओवळ्याला, घोडबंदर रोडपासून थोडं आत, डोंगराच्या बाजूला. काकू जन्मापासून इथल्या. त्यांनी मेलेली तलंग हातात घेतली आणि म्हणाल्या, "यांना आय कुठं होती? शिकवनार कोन यांना?"

सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. यंत्रात उबवलेल्या, शेडमध्ये तुसावर वाढलेल्या पिल्लाला उंचावर झोपायची ओढ असते, पण तिथं चढायचं कसं ते त्याला कोणी दाखवलेलं नसतं. ते काम आपल्याला करावं लागतं. त्यासाठी महिनाभर रोज संध्याकाळचा अर्धा तास द्यायची तयारी ठेवा. बहुतेक कोंबड्या त्याच्या बऱ्याच आधी शिकतात.

उंचावर का?

कोंबडीचे पूर्वज रानकोंबडे. दिवसभर जमिनीवर उकरायचं आणि रात्र झाडावर काढायची, ही त्यांची रीत. अंधारात कोंबडीला फारच कमी दिसतं, म्हणून दिवेलागणीआधी उंच आणि सुरक्षित जागा धरायची घाई तिच्या रक्तातच आहे. तिच्या पायाची रचनाही त्यासाठीच आहे. ती पाय दुमडून बसली की पायातल्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटं दांडीभोवती आपसूक मिटतात. त्यामुळे झोपेत ती पडत नाही.

जमिनीवर झोपणारी कोंबडी रात्रभर स्वतःच्या विष्ठेत बसते. छातीची पिसं चिकटतात, ओल्या तुसातून उठणारा अमोनिया थेट नाकात जातो, पावसाळ्यात रक्ती हगवण लागायला वेळ लागत नाही. अंडी घालायच्या खोक्यात झोपणाऱ्या कोंबड्या ते खोकं घाण करतात आणि सकाळी अंडी माखलेली मिळतात. शिवाय आपल्या भागात जमिनीवरून फिरणारे शत्रू कमी नाहीत: घूस, मुंगूस, नाग, उदमांजर, भटकी मांजरं आणि डोंगराच्या कडेला बिबट्याही. बिबट्यापुढे दांडीचा उपयोग नाही, तिथं भक्कम दारच हवं. पण घुशीपासून दांडी नक्की वाचवते.

उडी मारून वर बसायचं कसब लहानपणीच येतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लू सापडेल त्या विटेवर, खापरीवर चढून बघतं. ज्याला त्या वयात चढायला काहीच मिळालं नाही, त्याला मोठेपणी उंचीचा अंदाज नीट येत नाही. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा जातींची दोन महिन्यांची पिल्लं आपण विकत आणतो, ती बहुतेक याच गटातली असतात. ती हट्टी नसतात, त्यांना खरोखरच जमत नसतं. हे एकदा समजलं की त्यांच्यावर चिडायचं कारण उरत नाही.

आधी दांडी नीट करा

शिकवणं नंतर. दांडी चुकीची असेल तर शिकलेली कोंबडीही खाली उतरते. माझी पहिली दांडी म्हणजे गुळगुळीत, जेमतेम एक इंच जाड बांबू, तोही जमिनीपासून तीन फुटांवर. आता वाटतं, त्यावर कोण बसणार होतं?

जाडी दीड ते दोन इंच ठेवा. गावठीला दीड इंच पुरतो, गिरिराज-वनराजसारख्या जड अंगाच्या कोंबडीला दोन इंच हवा. लाकडाच्या वखारीतून दोन इंची चौकोनी रीप आणा आणि वरच्या दोन्ही कडा रंधा मारून गोल करून घ्या. चौकोनी धार तळव्याला रुतते आणि तिथं गाठ येऊन पू धरतो. पेरूची किंवा जांभळाची सालीसकट सरळ फांदी मिळाली तर उत्तमच, साल खरबरीत असल्यामुळे पकड चांगली बसते. प्लॅस्टिकचा पाइप नको. पाय सरकतो, आणि एकदा आपटलेली कोंबडी पुन्हा त्यावर चढायला धजत नाही. लोखंडी पाइपही तसाच. बांबू वापरायचाच असेल तर जाड घ्या, पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि दोन्ही टोकांची पोकळी मेणाने किंवा सिमेंटने बंद करा, कारण रक्त पिणारे किडे दिवसा तिथंच लपतात. काही जण पकडीसाठी सुतळी गुंडाळतात. मी गुंडाळून पाहिली आणि काढून टाकली. सुतळीच्या वेटोळ्यांत किडे बसले की ते बाहेर काढणं कठीण जातं.

दांडी फिरता कामा नये, हलता कामा नये. आधी स्वतः हाताने जोरात दाबून बघा. जरा जरी डुगडुगली तरी खाचा पाडून घट्ट बसवा. पण ती उचलून बाहेर काढता आली पाहिजे, नाहीतर धुणार कशी?

एका कोंबडीला नऊ इंच जागा लागते. आठ कोंबड्यांना सहा फूट. उन्हाळ्यात त्या एकमेकींपासून लांब बसतात, म्हणून मी फूटभर धरते.

उंचीचा गोंधळ फार होतो, त्यामुळे इथं जरा थांबून वाचा. शिकवताना सुरुवात एका फुटावरून करायची. दुसरी दांडी दोन फुटांवर, पण पहिलीच्या बरोबर वर लावू नका, निदान सव्वा फूट मागे सरकवून लावा. म्हणजे वरचीची विष्ठा खालचीच्या पाठीवर पडणार नाही आणि चढ जिन्यासारखा सोपा होईल. उभा चढ कोंबडीला नको असतो. जड जातींसाठी दोन फुटांच्या वर जाऊच नका. चढणं जमलं तरी रोज सकाळी खाली उडी मारताना तळवे आणि छातीचं हाड दुखावतं. उतरायला दांडीसमोर तीन-चार फूट मोकळी जमीन ठेवा, तिथं पाण्याचं भांडं नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अंड्यांची खोकी दांडीपेक्षा खाली असायला हवीत. कोंबडी नेहमी उपलब्ध जागांतली सगळ्यात उंच जागा निवडते. खोकं दीड फुटावर आणि दांडी एका फुटावर असेल, तर ती खोक्यातच झोपणार, आणि तो तिचा दोष नाही.

दांडी जाळीपासून फूटभर आत घ्या. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची शेपटी किंवा पाय बाहेरून मांजर, उदमांजर ओढतं. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. नेहमीची पातळ षटकोनी जाळी कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाही.

पत्र्याचं छप्पर असेल तर दांडी आणि पत्र्यामध्ये किमान दोन फूट अंतर हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा दमटपणा आणि दिवसभर तापलेला पत्रा मिळून वरची हवा रात्री नऊपर्यंत भट्टीसारखी असते. कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात आणि शेवटी खाली उतरतात. पत्र्यावर नारळाच्या झावळ्या किंवा भाताचा पेंढा टाका आणि छपराखाली दोन्ही बाजूंना जाळीची पट्टी उघडी ठेवा. माझ्या खुराड्यात एका मे महिन्यात शिकलेल्या कोंबड्याही जमिनीवर आल्या होत्या. झावळ्या टाकल्यावर दोन दिवसांत त्या आपणहून वर गेल्या.

दिवसा करायची तयारी

नव्या कोंबड्या आणल्यावर पहिले पाच ते सात दिवस त्यांना खुराड्याबाहेर सोडू नका. हेच आपलं घर, हे डोक्यात पक्कं बसायला तेवढे दिवस लागतात.

याच दिवसांत दांडीची भीती मोडा. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, मेथीची देठं जुडी करून खालच्या दांडीच्या वर अशी टांगा, की खाण्यासाठी दांडीवर चढावंच लागेल. एक धीट कोंबडी चढते आणि बाकीच्या बघतात. कोंबड्या एकमेकींचं बघून फार लवकर शिकतात. जमिनीपासून दांडीपर्यंत एक तिरकी फळी लावा, तिच्यावर दर सहा इंचांना आडवी पट्टी ठोका आणि पट्ट्यांवर तांदळाची कणी टाका.

एखादी शिकलेली गावठी कोंबडी सोबतीला मिळाली तर अर्धं काम तीच करते. मात्र तिला आधी तीन आठवडे वेगळी ठेवून रोग नाही ना ते बघा, मगच एकत्र करा.

संध्याकाळचा अर्धा तास

घड्याळ लावून हे काम होत नाही. ठाण्यात जूनअखेरीस सूर्य साधारण ७:२० ला मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. कोंबड्या उजेडावर चालतात, तुम्हीही उजेडावर चाला.

दुपारी चारला अंड्यांची खोकी फळीने बंद करा. बहुतेक कोंबड्या तोवर अंडं देऊन मोकळ्या झालेल्या असतात. रात्री सगळ्या झोपल्यावर फळी काढून ठेवा, म्हणजे पहाटे अंडं घालायला आलेली ताटकळणार नाही. अंधारात उठून कोणी खोक्यात जात नाही.

ज्या कोपऱ्यांत त्या गोळा होतात, ते कोपरे भरून टाका. मी विटा रचून त्यावर तिरका पत्रा ठेवते. सपाट जागाच उरली नाही की तिथं ढीग होत नाही. गुदमरणं टाळायचा हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, आणि तो मला एक पक्षी गमावल्यावर सुचला.

सूर्यास्ताच्या तासभर आधी ज्वारी किंवा मक्याचा भरडा द्या. पोट भरलं की त्या शांत होतात. उजेड कमी होताना खुराड्यात शून्याचा बल्ब लावा, तोही दांडीच्या बाजूला, जमिनीवर प्रकाश पडणार नाही असा. अर्ध्या तासाने तो बंद करायचा. पण बंद करण्याआधी सगळ्या बसल्यात ना ते बघा. अचानक अंधार झाला तर कोंबडी जिथं असेल तिथंच बसून राहते. पावसाळ्यात ऐन संध्याकाळी वीज गेली की माझ्याकडे दोन-तीन जणी खाली राहतातच. त्या दिवशी हाताने उचलायच्या.

आता उचलायचं कसं ते सांगते, कारण सगळं यावरच आहे. सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की मंद बॅटरी घेऊन जा. झोत तोंडावर मारू नका, जमिनीकडे धरा. दोन्ही पंखांवरून हात घालून, पंख अंगाशी दाबून कोंबडी उचला आणि छातीशी क्षणभर धरा. मग तिला दांडीसमोर अशी न्या, की नडगी दांडीला टेकेल. ती आपोआप पाऊल वर टाकते आणि बोटांनी दांडी पकडते. लगेच हात काढू नका. तिचं वजन पायांवर आलं, ती खाली बसली, की आधी एक हात सोडा, मग दुसरा. पाठीवरून एकदा हात फिरवा. मग पुढची.

सगळ्यात दादागिरी करणारीला आधी बसवा, भिंतीकडच्या टोकाला. तिची जागा ठरली की बाकीच्यांना टोचाटोची कमी होते. गरीब स्वभावाच्या कोंबडीला तिच्याशेजारी बसवू नका.

एखादी लगेच खाली उडी मारेल. पुन्हा उचला. तीनदा उतरली तर त्या रात्री सोडून द्या, कारण घाबरलेली कोंबडी काही शिकत नाही. ओरडू नका, पायाने ढकलू नका, पाय धरून उलटी तर मुळीच उचलू नका. रात्रीचा हा स्पर्श तिला ओळखीचा आणि सुखाचा वाटला पाहिजे, तरच ती दुसऱ्या दिवशी तुमची वाट बघेल.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांना उचलावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादी आधीच वर बसलेली दिसते, आणि तो आनंद काय सांगू! आठवड्याभरात निम्म्या, दोन आठवड्यांत बहुतेक. माझ्या पाचांपैकी चौघी नवव्या दिवसापर्यंत शिकल्या. पाचवीला एकोणीस संध्याकाळी लागल्या. मध्ये एकही दिवस चुकवू नका. गावाला जायचं असेल तर शेजारच्यांना दाखवून ठेवा.

सगळ्या एक फुटावर आपणहून बसू लागल्या की आठवडाभर तसंच राहू द्या. मग वरची दांडी बसवा. खालची काढू नका, ती त्यांची पायरी आहे.

टॉवरचे दिवे, रस्त्याचे दिवे, मेट्रोच्या कामाचे प्रखर दिवे खुराड्यात येत असतील तर त्या बाजूला गोणपाट लावा. रात्रभर उजेड असला की कोंबड्या नीट झोपत नाहीत, दांडीवर चढ-उतार करत राहतात.

झाडावर झोपणाऱ्यांना खाली आणायचं तर

गावठी कोंबड्यांचं उलटं असतं. चढता येतं, पण त्या झाड सोडत नाहीत. काकूंचं म्हणणं, झाडावर काही होत नाही. मला ते पटत नाही. उदमांजर झाडावर सहज चढतं. आणि फांदीवर बगळेही वस्तीला येतात. २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात मेलेले बगळे सापडले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं, तेव्हापासून मी कोंबड्यांना बगळ्यांच्या झाडाखालीही जाऊ देत नाही.

त्यांनाही आठवडाभर खुराड्यातच ठेवा. नंतर सूर्यास्ताच्या फक्त तासभर आधी सोडा आणि दाणे खुराड्यातच टाका. रोज एकच हाक द्या, डबा वाजवून दिली तर उत्तम. तरीही एखादी झाडावर गेलीच तर अंधार पडल्यावर काढून आणा, तेव्हा ती प्रतिकार करत नाही. फारच उडणारी असेल तर एकाच पंखाची मोठी उड्डाणपिसं अर्ध्यावर कापा. ज्या पिसाच्या देठात रक्त दिसतं ते कापू नका. पंख कापलेल्या कोंबडीला वर जायला तिरकी फळी लागते, हे विसरू नका.

पिल्लं आणि आई

खुडूक बसून पिल्लं काढलेली कोंबडी पिल्लांसोबत जमिनीवरच झोपते. तिला दांडीवर ठेवू नका, पिल्लं थंडीने मरतील. साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती आपणहून वर जाते, खाली बघून हाका मारते आणि पिल्लं धडपडत तिच्यामागे चढतात. तोवर त्यांना डालग्याखाली झाका.

आई नसलेल्या पिल्लांना दुसरा आठवडा सरला की तीन-चार इंचांवर बोटभर जाडीची काठी ठेवा. चौथ्या आठवड्यात सहा-आठ इंच. त्यांना नंतर शिकवावंच लागत नाही.

पाऊस, किडे आणि सफाई

पावसाळ्यात दांडी ओली राहिली की बुळबुळीत होते. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लावा, पण वरची हवेची पट्टी झाकू नका. दिवसभरातली जवळजवळ निम्मी विष्ठा रात्री दांडीखालीच पडते. तिथं एक पत्रा किंवा फळी ठेवून रोज सकाळी खरवडा, म्हणजे बाकीचं तूस कोरडं राहतं. ती विष्ठा थेट झाडांना घालू नका, ताजी असताना मुळं जळतात. पालापाचोळ्यासोबत तीन-चार महिने कुजवा.

इतके दिवस नीट बसणाऱ्या सगळ्याच कोंबड्या अचानक दांडी टाळू लागल्या, तर रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला आणि सांध्यांत बघा. लाल माइट आणि गोचीड दिवसा फटींत लपतात आणि रात्री झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. पांढरा कागद दांडीखालून घासला आणि त्यावर लाल डाग उमटले, तर शंका नको. दांडी काढून कडक उन्हात टाका, फटी घासून कढत पाणी ओता, वाळल्यावर चुना लावा आणि पशुवैद्यकाला विचारून कोंबड्यांवर औषध करा. आठवड्याने पुन्हा तेच करा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे किडे निघतात. डासांमुळे कोंबड्यांना देवी होतात, म्हणून खुराड्याभोवती पाणी साचू देऊ नका.

एकटीच खाली राहत असेल तर

सगळ्या वर आणि एकच खाली, असं दिसलं तर तिला रागावून वर ठेवण्याआधी तपासा. दोन्ही तळवे उलटे करून बघा, मध्यभागी काळी खपली किंवा गाठ आहे का. पोट हाताने चाचपून बघा, अंडं अडकलंय का. छातीचं हाड टोकदार लागतंय का, तुरा फिका पडलाय का, विष्ठा पातळ आहे का. दुसऱ्या कोंबड्या तिला टोचून खाली ढकलतायत का, हे संध्याकाळी लांब उभं राहून बघा. तसं असेल तर त्याच उंचीची दुसरी दांडी दुसऱ्या भिंतीला लावा.

ती एकोणीस संध्याकाळी घेतलेली माझी गिरिराज गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा तुसावर बसू लागली. डाव्या तळव्याला काळी खपली होती. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवलं, रोज मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून मलमपट्टी केली आणि तिच्यासाठी जमिनीपासून सहा इंचांवर जाड, रुंद अशी वेगळी दांडी लावली. अजून ती तिथंच बसते. वर न्यायचा प्रयत्न मी आता करत नाही.